अठरा वर्षांचं धुणं

कामावर सगळे त्यांना मामा म्हणत, पण ते उंदीरमामातलं मामा होतं. नात्यानं मामा म्हणणारी एकच, थोरल्या बहिणीची मुलगी, आणि ती लग्न होऊन बसने दोन तासांवरच्या गावी राहायला गेली होती.

मामा एका औषध-संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात कामाला होते. तळमजल्यावर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या खोल्या, खोलीत छतापर्यंत चढलेले रॅक आणि त्यांवर पारदर्शक पिंजऱ्यांच्या रांगा. मामांकडे तीन खोल्या होत्या, तिन्ही पांढऱ्या उंदरांच्या. ओला भुसा काढून नवा घालायचा, पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, कोण खातंय, कोण कोपऱ्यात मलूल बसलंय ते बघून वहीत लिहायचं. खोलीत शिरण्याआधी ते दारावर बोटाने दोनदा टकटक करत. आत माणूस कोणी नसे. एकदम दार उघडलं की बिचारे दचकतात, असं त्यांचं म्हणणं.

या कामात नाक कधी दगा देईल सांगता येत नाही. उंदरांची लघवी भुशात वाळते, भुसा हलवला की तिचे बारीक कण हवेत उडतात, आणि वर्ष-दोन वर्षं ते नाकातोंडात गेले की काही जणांचं शरीर बंड करून उठतं. आधी शिंका, मग डोळ्यांना खाज, हातावर गांधी, आणि पुढे छातीत घरघर. मामांच्या डोळ्यांदेखत कितीतरी आले नि गेले. सशांकडची मुलगी रोज संध्याकाळी सुजलेले डोळे घेऊन घरी जायची. वर्षभरात तिने नोकरी सोडली. एका चांगल्या आडदांड गड्याने आठ महिन्यांत हात टेकले. पलीकडच्या खोलीतला जुना सहकारी इतका शिंकायचा की त्याला तपकीर म्हणत. तो हवा गाळणारा पंखा बसवलेली टोपी डोक्यावर चढवून काम करायचा आणि पंख्याच्या आवाजात त्याला काही विचारायचं तर पाटीवर लिहून दाखवावं लागायचं.

मामांना मात्र अठरा वर्षांत एक शिंक आली नव्हती. "माझं नाक सरकारी आहे," ते म्हणत, "कशाची दखलच घेत नाही." दरवर्षी संस्थेच्या डॉक्टरबाई तपासणी करत, नळीत फुंकायला लावत आणि एक फॉर्म भरून घेत. नाक वाहतं का, डोळे खाजतात का, रात्री खोकला येतो का. मामा सगळीकडे "नाही" लिहीत आणि पेन परत करत.

काही होत नव्हतं म्हणून मामा थोडे ढिलेही होते. तोंडावरची पट्टी तास-दोन तासांत हनुवटीवर उतरायची. काम संपल्यावर अंघोळ करून मग घरी जायचं असा नियम होता, पण न्हाणीघरापुढे रांग असायची आणि बस पाच दहाला सुटायची. हातपाय धुतले, निघाले.

घरी ताई असे. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. ज्या वर्षी मामांना ही नोकरी लागली त्याच वर्षी तिचा नवरा गेला आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन ती भावाकडे आली. मामांचं लग्नाचं आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. दोन खोल्या, एक गॅलरी, खिडकीशी ताईचं शिलाई मशीन. भाची मोठी झाली, शिकली, सासरी गेली, आणि मग ही दोघंच उरली. फार बोलत नसत. बोलायची गरज पडत नसे.

मामांचे कामावरचे कोट ताई घरी धुवायची. संस्थेची स्वतःची लाँड्री होती, पण तिथून परत येताना कोटांची अदलाबदल व्हायची, बटणं तुटायची. "दुसऱ्याच्या अंगातलं कशाला घालायचं?" असं म्हणून ताईनेच पहिल्या आठवड्यात ते काम अंगावर घेतलं. दर दोन दिवसांनी कापडी पिशवीतून कोट घरी यायचे. ताई गॅलरीत उभी राहून एकेक कोट दणादण झटकायची, खिसे उलटे करून त्यातला भुसा काढायची आणि मग भिजत घालायची. मामांचे कोट प्राणीगृहात सगळ्यांत पांढरे असत, आणि त्याचा दोघांनाही अभिमान होता.

गंमत म्हणजे ताईला उंदरांची भयंकर किळस. एकदा स्वयंपाकघरात कुठून तरी एक घुसला, तर मामा कामावरून येईपर्यंत ती खुर्चीवर उभी होती. मामांनी तो शेपटीला धरून बाहेर नेला, आणि "तो हात आधी तीनदा धू" एवढं बोलून तिने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

तिला तीनेक वर्षं खोकला होता. कपड्यांच्या तुसाने होत असेल, असं म्हणून तिने शिवणकाम कमी केलं. समोरच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा धुळीवर ढकललं. मग वयावर. जिना चढताना ती मध्ये थांबायची आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी काहीतरी बोलणं काढायची, म्हणजे दम लागलाय हे कळायला नको.

एका रविवारी दुपारी मामा पेपर वाचत पडले होते. न्हाणीघरातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. नळाचा असेल, असं त्यांना वाटलं. नळ बंद करायला उठले, तर ताई दाराशी फरशीवर बसली होती, मांडीवर झटकून आणलेला कोट, ओठ काळेनिळे. आवाज तिच्या छातीतून येत होता. तिने हाताने नुसतं "काही नाही, काही नाही" असं केलं. शब्द काढायला श्वासच नव्हता.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, तीन दिवस ठेवून घेतलं. दम्याचा झटका होता. कशामुळे आला ते शोधायला छातीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं.

त्या दिवशी मामा रजा टाकून बरोबर गेले. नर्सने ताईच्या हातावर आतल्या बाजूने पेनाने आकडे काढले, प्रत्येक आकड्याशी एकेका पदार्थाचा थेंब ठेवला आणि सुईने जरासं टोचलं. धूळ, बुरशी, झुरळ, मांजर, कुत्रा, परागकण, अशी यादी होती. पाव तास हात टेबलावर ठेवून बसायचं. ताई हाताकडे बघत म्हणाली, "शाळेत पाटीवर पाढे लिहून बसवायचे तसं वाटतंय." बारा मिनिटांनी अकरा नंबरपाशी लाल चकती उठली. बघता बघता ती नाण्याएवढी झाली. बाकी हात कोरा.

डॉक्टरांनी यादी बघितली. "उंदीर," ते म्हणाले. "घरात उंदीर फार आहेत का?"

"माझ्या घरात?" ताईला ते लागलं. "येऊन बघा. एक जरी सापडला तर नाव बदलेन."

"तसं नाही हो आजी. मग घरात कुणी प्राण्यांबरोबर काम करतं का? दुकान, प्रयोगशाळा, असं काही?"

ताईने मामांकडे बघितलं. मामा भिंतीला टेकून उभे होते. मी करतो, असं त्यांनी सांगितलं, आणि डॉक्टर विचारत गेले तसं बाकीचंही सांगितलं, कोट, पिशवी, झटकणं, चुकवलेली अंघोळ. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की डॉक्टरांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

"तुम्हाला स्वतःला काही त्रास?"

"नाही."

"असं होतं कधीकधी. काम करणाऱ्याला काही होत नाही, घरच्यांना होतं."

परत येताना बसमध्ये ताई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे अठरा वर्षं मी तुझ्या उंदरांचं धुणं धुतलं म्हणायचं." आणि हसली. मामांना हसता आलं नाही.

त्यांनी करण्यासारखं होतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवसापासून कोट संस्थेच्या लाँड्रीत. पट्टी नाकावर. अंघोळ डोक्यावरून, बस चुकली तर चुकली. घरातले पडदे काढले, गाद्या टाकून दिल्या. ताई महिनाभर मुलीकडे राहायला गेली आणि तिथे तिचा खोकला असा थांबला की जणू कधी नव्हताच. परत आली, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा शिट्टी.

डॉक्टर म्हणाले, एकदा शरीराने धरलं की चिमूटभरसुद्धा पुरतं. तुमच्या केसांतून, बुटांतून येत असेल. घरातही अजून मुरलेलं आहे.

ताईने बॅग भरली. "तू काम सोडायचा वेडेपणा करू नकोस," ती जाताना म्हणाली. "बघू सावकाश."

मामा दर रविवारी तिला भेटायला जाऊ लागले. सकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून निघायचे, तरी भाचीला धीर होत नसे. ती दारातच त्यांच्या हातात जावयांचा शर्ट आणि पँट ठेवायची. "मामा, राग मानू नकोस हं." जावई चांगले सहा फुटी. पँट खालून तीनदा दुमडून मामा बाहेर येत, आणि ताई त्यांच्याकडे बघून तोंडावर पदर धरत असे. त्यांची खुर्ची गॅलरीत, ताईची दाराच्या आत. मध्ये उंबरा. सहा वर्षांची नात दोघांच्या मधून ये-जा करायची. दोन तास बोलून मामा आपले कपडे चढवत आणि चारची बस धरत.

चौथ्या रविवारनंतर त्यांनी बदलीचा अर्ज दिला. प्राणीगृहाच्या प्रमुख एक पशुवैद्य बाई होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मामा, तुम्हाला त्रास व्हायला लागलाय का?"

"नाही."

"मग बदली कशाला? तुमच्यासारखा हात मला कुठे मिळणार?"

"बाई, मला त्रास होत नाही हाच त्रास आहे," मामा म्हणाले. "मला झाला असता तर मी केव्हाच थांबलो असतो."

अर्ज मंजूर व्हायला पाच महिने लागले. शेवटच्या दिवशी मामांनी तिन्ही खोल्या गिनिपिगांकडून आलेल्या एका बाईंच्या ताब्यात दिल्या. खालच्या रांगेतल्या चौथ्या पिंजऱ्याची बाटली गळते, एवढं सांगितलं. निरोप असा कुणाचा घ्यायचा होता? उंदीर दोन वर्षांवर जगत नाहीत. अठरा वर्षांत किती पिढ्या हाताखालून गेल्या याची नोंद वह्यांत होती, मामांच्या डोक्यात नव्हती. तरी दार ओढून घेताना त्यांचा पाय जरा रेंगाळला.

नवं काम तिसऱ्या मजल्यावर, काचसामानाच्या भांडारात. चंबू, नळ्या, मोजपात्रं. कुणीतरी चिठ्ठी घेऊन यायचं, "सहा द्या" म्हणायचं, सही करून जायचं. खालीही मामा दिवसभर एकटेच असत, पण आठशे जीवांची खुडबुड सोबतीला असे. इथे काच अगदी गप्प राहायची. पहिल्या आठवड्यात दोनदा ते भांडाराच्या दारावर टकटक करून आत शिरले. नळ्या न्यायला वर आलेल्या तपकीरने ते बघितलं, आणि एरवी सगळ्यांची चेष्टा करणाऱ्या त्याने नुसती चिठ्ठी पुढे केली.

मग त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. सोफा काढून टाकला. भिंती घासून पुन्हा रंगवून घेतल्या. प्राणीगृहात घातलेले बूट, जुना स्वेटर, कापडी पिशव्या, सगळं बाहेर. दर शनिवारी ओल्या फडक्याने फरशी, कपाटांच्या वरच्या बाजू, पंख्याची पाती. शिलाई मशीनचा एकेक भाग त्यांनी कापसाने पुसला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणखी किती दिवस? थोडे महिने जाऊ देत, ते म्हणाले.

त्याच सुमारास वार्षिक तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी नवा फॉर्म पुढे केला. "तुमच्यामुळे यात एक भर घातली मामा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं घरच्यांबद्दल आम्ही विचारतच नव्हतो." शेवटी प्रश्न होता, घरी तुमच्याबरोबर कोण राहतं. मामांनी पेन उचललं, थांबले, आणि लिहिलं, "सध्या कोणी नाही." त्यांनी "सध्या"खाली हलकी रेघही ओढली.

भांडारात गेल्याला आठ महिने झाले तेव्हा ताई आली. चार दिवस राहून बघू, असं ठरलं होतं. मामांनी रजा घेतली. पहिल्या रात्री दोघंही एकमेकांच्या श्वासाकडे कान लावून पडली होती. सकाळी ते कबूल करून दोघं हसली. दुसरा दिवस नीट गेला. तिसराही. ताई जिना चढून आली आणि मध्ये थांबली नाही. शेजारणीने खालूनच विचारलं, "आज बोलायचं नाही वाटतं माझ्याशी?"

चौथ्या दिवशी सकाळी तिने मशीनवरचं कापड काढलं, चाक फिरवून बघितलं, दोन थेंब तेल सोडलं. मामा चहा गाळत होते. बसली आता कामाला, असं त्यांच्या मनात आलं.

"हे मी घेऊन जाईन म्हणते," ताई म्हणाली.

मामांनी दोन्ही कप भरले. "कुठे?"

"कुठे म्हणजे, तिकडे. तिथल्या दोघी-तिघींनी शिवणं दिलंय. सकाळी आम्ही चौघी फिरायलाही जातो. आणि ती कार्टी माझ्याशिवाय शाळेला तयार होत नाही."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"येईन की. अशी येत जाईन."

"ताई, इथे आता काही उरलेलं नाही. सगळं काढलंय मी."

"मला दिसतंय ना. चार दिवस राहिले मी इथे, छातीने ब्र काढला नाही." तिने कप हातात घेतला पण प्यायली नाही. "पहिले दोन महिने मी रोज बॅग भरून ठेवायचे, ठाऊक आहे? आज तुझा फोन येईल, उद्या येईल. मग एक दिवस भरायची राहिली. कुठला दिवस ते मलाही सांगता येणार नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होते.

"तू माझ्यासाठी काम सोडलंस आणि मी ही अशी," ती म्हणाली. "राग आला असेल तर बोल. गिळून बसू नकोस."

"राग नाही," मामा म्हणाले. "पण आधी सांगायचं होतंस."

"आधी म्हणजे कधी?"

"मी अर्ज द्यायच्या आधी."

"तेव्हा मलाच कुठे कळलं होतं?"

चहा निवला. ताई म्हणाली, "परत जा ना मग तुझ्या उंदरांकडे. तुझी ती प्रमुख बाई घेईल तुला, आनंदाने घेईल."

"गेलो तर तू चार दिवससुद्धा येऊ शकणार नाहीस."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. ती लहानपणी बघायची तसं, काही फोडलं-बिडलं आहे का ते ताडायला. मग उठून तिने दोघांचे कप उचलले आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मशीन खाली उतरवलं, रिक्षात घातलं, बसच्या पोटात दोरीने नीट बांधून दिलं. ताईला खिडकीची जागा मिळाली. "जेवण वेळेवर कर," ती म्हणाली. "आणि तो रंग चांगला दिसतो भिंतीला. सांगायचं राहिलं." बस निघाली. वळणापर्यंत तिचा हात बाहेर होता, कंडक्टर ओरडला असावा, मग तो आत गेला.

मामांना घरी जावंसं वाटेना. ते चालत राहिले. बाजार मागे पडला, मैदान आलं, आणि पुढे संस्थेचं फाटक. सुट्टीचा दिवस होता. फाटकाजवळच्या बाकावर पहारेकरी पाय लांब करून बसला होता.

"मामा, आज सुट्टी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"इकडूनच चाललो होतो."

पहारेकऱ्याने पाय आवरून जागा केली. मामा बसले. एक सायकलवाला गेला, एक कुत्रं फाटकापर्यंत येऊन परत फिरलं.

"गुडघा फार धरलाय," पहारेकरी म्हणाला. "डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा."

"चढताना दुखतो की उतरताना?"

"उतरताना जास्त. चढताना कसंबसं चालतं."

तो गुडघ्याचं सगळं पहिल्यापासून सांगू लागला, कधी सुरू झालं, कुठलं मलम लावलं, सून काय म्हणाली. मामा ऐकत होते. मध्ये मध्ये "मग?" असं विचारत होते. सकाळचे अजून साडेअकराच वाजले होते.